पोर्टल शिरेतील जंतुसंसर्गित गुठळी : पोटातला दाह यकृताच्या दाराशी पोहोचतो तेव्हा

पावसाळ्यात गोव्यात आणि कोकणपट्टीत कुणाला थंडी वाजून ताप आला, की सर्वप्रथम मलेरियाची शंका घेतली जाते. त्यापाठोपाठ डेंग्यू, विषमज्वर आणि लेप्टोस्पायरोसिस यांची नावे पुढे येतात. ही शंका रास्तच असते, कारण हे सर्व आजार या भागात आढळतात आणि त्यांवर वेळेत उपचार होणे आवश्यक असते. मात्र कधी कधी रक्ततपासणीत यांपैकी काहीच सापडत नाही. ताप औषधाने उतरतो आणि पुन्हा चढतो. रुग्णाला हुडहुडी भरते, भूक मरते, पोटात किंवा उजव्या बरगडीखाली दुखत राहते. आठ-दहा दिवसांपूर्वी पोटात कळ येऊन गेल्याचे कुणीतरी सहज सांगून जाते. पण ती कळ थांबलेली असल्यामुळे तिला महत्त्व दिले जात नाही. अशा रुग्णांपैकी काही थोड्यांच्या बाबतीत खरा दोष एका मोठ्या शिरेत दडलेला असतो. आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असते आणि त्या गुठळीत जंतू वाढत असतात. वैद्यकशास्त्र या विकाराला ‘पायलेफ्लेबायटिस’ म्हणते.

आजार दुर्मीळ आहे. अनेक डॉक्टरांच्या संपूर्ण कारकिर्दीत त्याचे मोजकेच रुग्ण दिसतात. परंतु तो वेळेत ओळखला गेला तर बहुतेक रुग्ण बरे होतात, आणि ओळखला गेला नाही तर यकृतात गळवे होणे, रक्तात जंतू पसरणे, आतडे निकामी होणे अशा मार्गांनी तो प्राण घेऊ शकतो. ओळखणे आणि न ओळखणे यांतील अंतर बहुधा काही दिवसांचेच असते. म्हणून या आजाराची कारणे, लक्षणे आणि उपचार यांची ओळख सामान्य वाचकालाही असणे उपयोगाचे आहे.

यकृताचे प्रवेशद्वार

ग्रीक भाषेत ‘पायले’ म्हणजे दार आणि ‘फ्लेप्स’ म्हणजे शीर. त्या दोन शब्दांना दाहवाचक प्रत्यय जोडून या आजाराचे नाव तयार झाले. ‘पोर्टल’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थही दारच. यकृताच्या खालच्या बाजूस असलेल्या खाचेतून ही शीर आत शिरते, म्हणून तिला हे नाव मिळाले.

शरीरातील बहुतेक शिरा अवयवांकडून रक्त गोळा करून ते थेट हृदयाकडे नेतात. पोर्टल शिरेचे काम वेगळे आहे. लहान आतडे, आंत्रपुच्छ, मोठे आतडे, जठर, स्वादुपिंड आणि प्लीहा यांचे रक्त ती एकत्र करते आणि हृदयाकडे न नेता प्रथम यकृताला पोहोचवते. अन्नातून शोषलेली पोषकद्रव्ये, औषधे आणि काही प्रमाणात आतड्यांतील जंतू व त्यांची विषद्रव्ये यांवर यकृत प्रक्रिया करते. त्यानंतरच ते रक्त सर्वांगात जाण्यासाठी हृदयाकडे निघते. शरीररचनेच्या दृष्टीने ही शीर स्वादुपिंडाच्या मानेमागे दोन मोठ्या शिरांच्या संगमातून बनते. त्यांपैकी एक लहान आतडे, आंत्रपुच्छ आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या भागाकडून येते. दुसरी प्लीहेकडून येते आणि मोठ्या आतड्याच्या डाव्या भागाचे रक्त साधारणतः तिलाच येऊन मिळते. मुख्य पोर्टल शिरेची लांबी अवघी ८ सेंटिमीटरच्या आसपास असते.

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन-चतुर्थांश रक्त या शिरेतून येते. उरलेले यकृताच्या रोहिणीतून येते. रोहिणीचे रक्त प्रमाणाने थोडे असले तरी त्यात प्राणवायू भरपूर असतो. त्यामुळे पोर्टल शीर अचानक तुंबली तरी यकृत लगेच निकामी होत नाही. या आजाराच्या फसवेपणाचे एक कारण इथेच आहे. दार अर्धे बंद झालेले असते, तरी घरातला व्यवहार चालूच राहतो. डोळे पिवळे होत नाहीत, यकृताच्या तपासण्याही कधी कधी थोड्याशाच बिघडलेल्या दिसतात. दुसरी गोष्ट अशी, की पायांच्या शिरांमध्ये रक्त मागे वळू नये म्हणून झडपा असतात, तशा झडपा प्रौढ माणसाच्या पोर्टल व्यवस्थेत नसतात. त्यामुळे एका टोकाला सुरू झालेली गुठळी या व्यवस्थेत पुढे यकृतापर्यंत आणि मागे आतड्यांच्या शिरांपर्यंत वाढू शकते.

संसर्ग शिरेत कसा शिरतो

या आजाराची सुरुवात शिरेत होत नाही. ती पोटातील एखाद्या अवयवाच्या दाहात होते. आंत्रपुच्छाला, म्हणजे अपेंडिक्सला सूज येऊन त्यात पू झाला, तर त्याच्या भिंतीतील अगदी बारीक शिराही सुजतात. सुजलेल्या शिरेच्या आतील अस्तराला इजा झाली, की तिथे रक्त गोठू लागते. त्या छोट्याशा गुठळीत जंतूंना आयता आसरा मिळतो. कारण तिथे रक्तप्रवाह मंदावलेला असतो, पांढऱ्या पेशींना आणि औषधांना सहज पोहोचता येत नाही. गुठळी वाढत वाढत मोठ्या शिरेत जाते आणि अखेर पोर्टल शिरेपर्यंत पोहोचते. तिचे जंतूंनी भरलेले कण सुटून रक्ताबरोबर यकृतात शिरतात आणि तिथे एक किंवा अनेक गळवे निर्माण करतात.

आंत्रपुच्छाप्रमाणेच मोठ्या आतड्याच्या भिंतीवर उतारवयात तयार होणाऱ्या लहान पिशव्यांचा दाह हेही एक महत्त्वाचे मूळ आहे. वैद्यकीय भाषेत त्याला ‘डायव्हर्टिक्युलायटिस’ म्हणतात. पाश्चात्त्य देशांतील अलीकडच्या नोंदींत हे कारण अग्रक्रमावर दिसते. याशिवाय स्वादुपिंडाचा दाह, पित्ताशयाचा व पित्तनलिकेचा संसर्ग, क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिससारखे आतड्यांचे दीर्घ विकार आणि पोटावरील शस्त्रक्रियेनंतर झालेला संसर्ग ही कारणेही आढळतात. क्वचित एखादी अणकुचीदार वस्तू गिळली जाऊन आतड्याला भोक पाडते. मासे रोजच्या जेवणात असलेल्या प्रदेशात हे सांगायला हवे, की अशा वस्तूंमध्ये माशाच्या काट्याचाही समावेश होतो. बहुतेक काटे पचनमार्गातून निमूटपणे निघून जातात. एखादाच आतड्याच्या भिंतीत रुततो, आणि रुग्णाला तो गिळल्याचे स्मरतही नाही.

या गुठळीत सहसा एकाच प्रकारचे जंतू नसतात. आतड्यांत नेहमी वास्तव्य करणारे ई. कोलाय, क्लेब्सिएला, स्ट्रेप्टोकॉकसच्या काही जाती आणि प्राणवायूविना वाढणारे बॅक्टेरॉइड्स यांचे मिश्रण तिथे सापडते. बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस या जंतूचा गुठळी होण्याशी विशेष संबंध असल्याचे अनेक रुग्णांत दिसून आले आहे. रक्त गोठण्याची जन्मजात किंवा अन्य कारणाने वाढलेली प्रवृत्ती असेल, तर संसर्ग आणि ही प्रवृत्ती एकमेकींना बळ देतात.

जीवघेण्या निदानापासून उपचारसाध्य आजारापर्यंत

एकोणिसाव्या शतकात हा आजार बहुधा शवविच्छेदनातच ओळखला जाई. पोटाच्या उजव्या खालच्या भागात होणाऱ्या दाहाचे मूळ आंत्रपुच्छात असते, हे बोस्टनचे विकृतिशास्त्रज्ञ रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८६ मध्ये स्पष्टपणे मांडले, ‘अपेंडिसायटिस’ हे नाव रूढ केले आणि लवकर शस्त्रक्रिया करण्याचा आग्रह धरला. त्यापूर्वी अशा रुग्णांना अंथरुणात पडून राहण्याचा सल्ला आणि अफू याखेरीज देण्यासारखे फारसे काही नव्हते. फुटलेल्या आंत्रपुच्छातील पू शिरांच्या वाटेने यकृतात चढे आणि रुग्ण थंडीतापाने दगावे.

अमेरिकेतील शल्यविशारद ऑल्टन ऑक्सनर, मायकेल डेबेकी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९३८ मध्ये यकृतातील पुवाच्या गळवांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी तपासलेल्या ४७ रुग्णांच्या या अभ्यासात आंत्रपुच्छाचा दाह हे प्रमुख कारण म्हणून पुढे आले. आजार प्रामुख्याने तरुणांचा होता आणि बहुसंख्य रुग्ण वाचत नसत. पुढच्या दशकात पेनिसिलिन आले. मेट्रोनिडॅझोल हे औषध मुळात एका वेगळ्याच परजीवी संसर्गासाठी वापरात आले होते. ते प्राणवायूविना वाढणाऱ्या जंतूंवरही चालते, हे १९६२ मध्ये हिरड्यांच्या आजाराबाबत एका दंतशल्यविशारदाने केलेल्या निरीक्षणातून उमगले. १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्यांदा रुग्णाच्या मेंदूचे सीटी स्कॅन झाले आणि पुढे हे तंत्र पोटाच्या तपासणीतही रुळले. लवकर होणाऱ्या शस्त्रक्रिया, प्रतिजैविके आणि सीटी स्कॅन या तिन्हींनी मिळून आजाराचे स्वरूप पालटले. आज आंत्रपुच्छाच्या रुग्णांत हा गुंतागुंतीचा प्रकार अगदी क्वचित दिसतो. अलीकडच्या रुग्णसमूहांतील मृत्यूचे प्रमाण सर्वसाधारणपणे १० ते २० टक्क्यांच्या आसपास नोंदले गेले आहे. पूर्वीच्या तुलनेत ही मोठी प्रगती असली, तरी आजार आजही हलक्याने घेण्यासारखा नाही, हेही हाच आकडा सांगतो.

लक्षणे : ठळक कमी, सूचक अधिक

या आजाराचे खास असे एकही लक्षण नाही, ही निदानातील मुख्य अडचण होय. ताप आणि पोटदुखी ही दोन लक्षणे बहुतेक रुग्णांत असतात. ताप अनेकदा हुडहुडी भरून येतो, घाम येऊन उतरतो आणि काही तासांनी पुन्हा चढतो. पोटदुखी मूळ दाहाच्या जागी असू शकते, उजव्या बरगडीखाली असू शकते किंवा नेमकी जागा सांगता येणार नाही अशी पसरलेली असू शकते. मळमळ, उलटी, जुलाब, अन्नावरची वासना उडणे, वजन घटणे, कमालीचा थकवा ही लक्षणे कमी-अधिक प्रमाणात दिसतात. डॉक्टरांनी पोट तपासल्यास यकृत वाढलेले आणि दाबल्यास दुखरे लागू शकते. कावीळ मात्र काहींनाच होते, आणि ती बहुधा यकृतात गळवे झाल्यावर किंवा संसर्ग पित्तमार्गात असल्यास दिसते.

फसगत होण्याचा आणखी एक प्रसंग असतो. आंत्रपुच्छाच्या दाहात दुखणे प्रथम बेंबीभोवती सुरू होते आणि काही तासांनी उजव्या खालच्या बाजूला सरकते. पण वृद्ध, लहान मुले, गर्भवती स्त्रिया आणि दीर्घकाळ मधुमेह असलेले रुग्ण यांच्यात हा क्रम असाच असेल असे नाही. घरातील वेदनाशामक गोळीने कळ दबते. औषधाच्या दुकानातून आणलेल्या प्रतिजैविकाच्या दोन-तीन दिवसांच्या गोळ्यांनी तापही तात्पुरता उतरतो. रुग्ण बरे वाटते म्हणून कामाला लागतो, आणि आठवडाभराने ताप परततो. अर्धवट उपचाराने मूळ दाह झाकला जातो. शिरेतील गुठळी मात्र वाढतच राहते. पोटात दुखत असताना ‘पोट साफ झाले की बरे वाटेल’ म्हणून एरंडेल किंवा जुलाबाचे औषध घेण्याची जुनी सवयही अशा वेळी घातक ठरू शकते, कारण सुजलेले आंत्रपुच्छ त्याने फुटण्याची भीती असते.

अन्य तापांशी होणारी गल्लत

मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस, डेंग्यू आणि विषमज्वर यांच्या तपासण्या नकारार्थी आल्यावरही ताप राहिला, तर पोटाची सोनोग्राफी करून पाहणे हा पुढचा स्वाभाविक टप्पा असतो. तिथे यकृतात गळू दिसले, की भारतात आणखी एक शक्यता ठळकपणे समोर येते. ती म्हणजे अमीबामुळे होणारे गळू. आपल्याकडे हा आजार मुळीच अपरिचित नाही. दूषित पाणी आणि अन्न यांतून तो होतो, आणि मद्यपान करणाऱ्या पुरुषांत तो अधिक दिसतो. मेट्रोनिडॅझोल घेतल्यावर बहुतेकदा तो बरा होतो. अडचण अशी, की तेच औषध पुवाच्या गळवातील काही जंतूंवरही चालत असल्यामुळे रुग्णाला थोडा उतार पडतो आणि निदान बरोबर होते असा समज होतो. म्हणून गळवे एकापेक्षा अधिक असतील, रक्ततपासणीत जंतू सापडले असतील किंवा अपेक्षित वेळेत ताप उतरत नसेल, तर गळू नेमके कुठून आले याचा शोध घेणे आणि पोर्टल शीर मुद्दाम तपासणे आवश्यक ठरते.

सोनोग्राफी नुसती गळू पाहण्यापुरती केली, तर शिरेतील गुठळी नजरेतून सुटू शकते. डॉप्लर पद्धतीने शिरेतील रक्तप्रवाह पाहिल्यास तो मंद आहे, खंडित आहे की पूर्ण थांबला आहे हे कळते. पोटात वायू असेल किंवा रुग्ण स्थूल असेल, तर ही तपासणीही अपुरी पडते.

निदान कसे पक्के होते

शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेले पोटाचे सीटी स्कॅन ही आज या निदानाची मुख्य तपासणी आहे. रंगद्रव्य दिल्यानंतर साधारण एका मिनिटाने ते पोर्टल शिरेत पुरेशा प्रमाणात पोहोचते. त्या वेळी घेतलेल्या चित्रांत निरोगी शीर उजळ दिसते आणि गुठळी असलेला भाग काळपट राहतो. क्वचित शिरेत वायूचे बुडबुडेही दिसतात. याच तपासणीत आंत्रपुच्छ, मोठे आतडे, स्वादुपिंड आणि पित्ताशय दिसत असल्यामुळे संसर्गाचे मूळही बहुधा सापडते, आणि गुठळी आतड्यांच्या शिरांपर्यंत मागे पसरली आहे का, हेही कळते. मूत्रपिंडाचा आजार किंवा रंगद्रव्याची ॲलर्जी असल्यास रुग्णाने ते आधी सांगावे. अशा वेळी डॉक्टर अन्य पर्याय निवडू शकतात.

रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशी आणि दाहदर्शक सीआरपी वाढलेले असतात. यकृताच्या तपासण्यांपैकी अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर अनेकदा वाढते. परंतु सर्वांत महत्त्वाची तपासणी म्हणजे रक्तातील जंतूंचे संवर्धन, ज्याला रुग्णालयात ‘ब्लड कल्चर’ म्हणतात. अनेक रुग्णांच्या रक्तात जंतू सापडतात, आणि कोणते औषध त्यांच्यावर चालेल हेही त्यातून कळते. शक्यतो प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्यापूर्वी, दोन वेगवेगळ्या जागांहून रक्त घेतले जाते. रुग्णाने घरी आधीच प्रतिजैविक घेतले असेल, तर जंतू वाढतच नाहीत आणि डॉक्टरांना अंदाजाने उपचार करावे लागतात. म्हणूनच रुग्णालयात गेल्यावर आधी घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे सोबत नेणे हे फार उपयोगाचे ठरते.

पोर्टल शिरेतील प्रत्येक गुठळी जंतूंची असते असे नाही. यकृताचा सिरोसिस, यकृताचा किंवा स्वादुपिंडाचा कर्करोग, अस्थिमज्जेचे काही विकार आणि रक्त गोठण्याची अनुवंशिक प्रवृत्ती यांतही तिथे गुठळी होते. ताप, रक्तातील जंतू आणि पोटातील दाहाचे ठिकाण यांची सांगड घालूनच ही गुठळी संसर्गाची असल्याचा निष्कर्ष काढला जातो. संसर्गाचे मूळ सापडल्यानंतरही रक्त गोठण्याची अन्य कारणे तपासावी लागतात, कारण पुढील उपचार किती काळ चालवायचे हे त्यावर अवलंबून असते.

उपचारांचे तीन भाग

पहिला भाग प्रतिजैविकांचा. गंभीर रुग्णाच्या बाबतीत अहवालाची वाट न पाहता, आतड्यांतील सर्व प्रकारच्या जंतूंवर चालणारी औषधे शिरेतून सुरू केली जातात. सेफ्ट्रियाक्झोनसोबत मेट्रोनिडॅझोल, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम किंवा गरजेनुसार कार्बापेनेम गटातील औषधे यांची निवड डॉक्टर रुग्णाची स्थिती पाहून करतात. भारतात नेहमीच्या प्रतिजैविकांना न जुमानणारे ई. कोलाय आणि क्लेब्सिएला मोठ्या प्रमाणावर आढळतात. त्यामुळे संवर्धनाचा अहवाल आल्यावर औषध बदलावे लागणे ही इथे नित्याची बाब आहे. उपचार किमान ४ आठवडे, आणि यकृतात गळवे असल्यास सहसा ६ आठवडे चालतात. रुग्ण सुधारत असल्यास साधारण दोन-तीन आठवड्यांनी इंजेक्शनांऐवजी गोळ्या देता येतात. इतका दीर्घ काळ का, असा प्रश्न नातेवाईक विचारतात. गुठळीच्या आत आणि गळवाच्या पोटात औषध फार सावकाश पोहोचते, हे त्याचे उत्तर आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरला, म्हणजे जंतू संपले असे नसते.

दुसरा भाग संसर्गाच्या मुळाचा. पू झालेले आंत्रपुच्छ काढणे, पोटातील पुवाला वाट करून देणे, पित्तनलिकेतील अडथळा दूर करणे ही कामे झाली नाहीत, तर औषधे अपुरी पडतात. यकृतातील मोठे गळू सोनोग्राफीच्या किंवा सीटीच्या मार्गदर्शनाखाली त्वचेतून बारीक नळी घालून रिकामे करता येते. अनेक छोटी गळवे असतील, तर मात्र प्रत्येकात नळी घालणे शक्य नसते. तिथे प्रतिजैविकांवरच भिस्त ठेवावी लागते. शस्त्रक्रिया लगेच करायची की रुग्ण थोडा स्थिर झाल्यावर, याचा निर्णय शल्यविशारद घेतात.

तिसरा भाग रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा, आणि तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत ते इथेच. आजार दुर्मीळ असल्यामुळे ही औषधे दिलेले आणि न दिलेले रुग्ण यांची शास्त्रशुद्ध तुलना करणाऱ्या मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत. आजवरच्या रुग्णनोंदींत ही औषधे दिलेल्या रुग्णांची शीर पुन्हा मोकळी होण्याचे प्रमाण अधिक दिसते. म्हणून गुठळी वाढत असेल, आतड्यांच्या शिरांपर्यंत पसरली असेल, योग्य प्रतिजैविके देऊनही ताप हटत नसेल किंवा रक्त गोठण्याची मूळची प्रवृत्ती असेल, तर ही औषधे देण्याकडे बहुसंख्य डॉक्टरांचा कल असतो. आतड्यांच्या शिरा तुंबल्या तर रक्त बाहेर पडायला वाट राहत नाही, आतडे सुजते आणि अखेर सडू शकते. तो धोका टाळणे हा यामागचा मुख्य हेतू असतो. उलट बाजूस, नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असणे, जठरात व्रण असणे, प्लेटलेट घटलेले असणे अशा स्थितीत रक्तस्रावाची भीती असते. म्हणून निर्णय रुग्णागणिक बदलतो.

सुरुवातीला हेपॅरिन किंवा त्याच्या गटातील इंजेक्शने दिली जातात. या औषधाचे नावच ‘यकृत’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे, कारण ते १९१६ च्या सुमारास कुत्र्याच्या यकृताच्या अर्कावर काम करताना सापडले होते. पुढे वॉरफरिन किंवा नव्या पिढीच्या गोळ्या सहसा ३ ते ६ महिने चालू ठेवल्या जातात. वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णाला ‘आयएनआर’ ही रक्ततपासणी नियमितपणे करावी लागते. मेट्रोनिडॅझोलमुळे वॉरफरिनचा परिणाम वाढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. या आजारात ही दोन्ही औषधे एकाच वेळी लागण्याचा संभव असल्याने ही बाब विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. वेदनाशामक गोळ्या, आयुर्वेदिक काढे किंवा अन्य औषधे डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नयेत. तांबडी भाजी, पालक, मेथी यांसारख्या पालेभाज्यांत क जीवनसत्त्वाशी नावाने गल्लत होणारे ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असते आणि ते वॉरफरिनचा परिणाम कमी करते. भाज्या सोडण्याची गरज नसते; मात्र त्या एक दिवस भरपूर आणि नंतर आठवडाभर मुळीच नाही, असे करू नये.

बाळाची नाळ आणि पोर्टल शीर

हा आजार प्रौढांपुरता मर्यादित नाही. गर्भावस्थेत नाळेतील शीर बाळाच्या बेंबीतून आत जाऊन पोर्टल शिरेच्या डाव्या शाखेला मिळते. जन्मानंतर हा मार्ग काही काळाने बंद होतो. परंतु सुरुवातीच्या दिवसांत बेंबीला जंतुसंसर्ग झाला, तर तो याच वाटेने पोर्टल शिरेपर्यंत जाऊ शकतो. त्या वेळी बाळ तापाने फणफणते किंवा उलट थंड पडते, दूध पीत नाही, मलूल होते. बाळ वाचले तरी शिरेतील गुठळी राहून जाऊ शकते आणि तिचा परिणाम कित्येक वर्षांनी दिसतो.

पोर्टल शीर बंद झाली की शरीर तिच्याभोवती बारीक शिरांचे जाळे तयार करते. त्यातून थोडे रक्त यकृतात जाते, पण अडलेल्या रक्ताचा दाब वाढतोच. प्लीहा मोठी होते, अन्ननलिकेच्या तळाशी शिरा फुगतात, आणि एके दिवशी वरवर निरोगी दिसणाऱ्या मुलाला रक्ताची मोठी उलटी होते. भारतात लहान मुलांना रक्ताच्या उलट्या होण्याच्या महत्त्वाच्या कारणांत या विकाराची गणना होते. अशा अनेक मुलांत गुठळी का झाली याचे नेमके कारण सापडत नाही. परंतु ज्यांच्यात सापडते, त्यांत बेंबीचा संसर्ग हे ओळखीचे कारण आहे. फुगलेल्या शिरांना दुर्बिणीद्वारे रबरी कडी लावून रक्तस्राव थांबवता येतो आणि निवडक मुलांत शस्त्रक्रियेने रक्ताला नवा मार्ग करून देता येतो.

यावरचा प्रतिबंध अत्यंत साधा आहे. नाळ निर्जंतुक साधनाने कापावी आणि नंतर ती स्वच्छ व कोरडी ठेवावी, हीच जागतिक आरोग्य संघटनेची मूळ शिफारस आहे. नाळेवर हळद, तेल, राख, शेण किंवा कोणतीही भुकटी लावू नये. नाळ साधारण एक-दोन आठवड्यांत आपोआप गळते. बेंबीभोवतीची त्वचा लाल होऊन ती लाली पसरू लागली, पू किंवा दुर्गंधी आली, बाळ दूध घेईनासे झाले, तर बाळंतिणीने किंवा घरच्यांनी उद्यावर न टाकता बाळाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

बरे झाल्यानंतरची वाट

योग्य उपचार मिळालेल्या प्रौढ रुग्णांपैकी अनेकांची शीर पूर्णतः किंवा अंशतः मोकळी होते. ती मोकळी झाली की नाही, हे काही महिन्यांनी सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करून पाहिले जाते. शीर बंदच राहिल्यास वर उल्लेखिलेला वाढलेला दाब प्रौढांतही निर्माण होतो. त्यामुळे अन्ननलिकेची दुर्बिणीतून तपासणी करून घ्यावी लागते. ज्यांच्या आजाराचे मूळ मोठ्या आतड्यात होते, त्यांना संसर्ग निवळल्यावर कोलोनोस्कोपीचा सल्ला दिला जाऊ शकतो, कारण क्वचित अशा दाहामागे आतड्याचा कर्करोगही दडलेला असतो.

या काळात काळी, डांबरासारखी शौचास होणे, रक्ताची उलटी, जेवणानंतर वाढणारी पोटदुखी, पोट फुगत जाणे किंवा ताप परतणे यांपैकी काहीही दिसले तरी पुढच्या भेटीची तारीख येईपर्यंत थांबू नये. मद्यपान या काळात पूर्ण वर्ज्य समजावे. मेट्रोनिडॅझोल चालू असताना तर ते टाळावेच. शिवाय बऱ्या होऊ पाहणाऱ्या यकृतावर आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधावर त्याचा वाईट परिणाम होतो.

दवाखान्यात काय सांगावे

दुर्मीळ आजाराचे निदान करणे हे डॉक्टरांचे काम आहे. परंतु त्या निदानाचा धागा अनेकदा रुग्णाच्या आणि घरच्यांच्या बोलण्यातच असतो. पाच-सहा दिवसांहून अधिक काळ ताप टिकला असेल आणि त्यासोबत पोटात दुखत असेल, तर मागील महिनाभराचा इतिहास नीट सांगावा. पोटात कळ केव्हा आली होती, ती कुठून कुठे सरकली, कोणत्या गोळ्या किती दिवस घेतल्या, पोटावर अलीकडे शस्त्रक्रिया झाली होती का, पित्ताशयात खडे आहेत का, घरात कुणाला पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती का, या प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहून नेली तरी चालते. रक्ततपासण्यांचे जुने अहवाल सोबत असावेत. अंगाला कापरे भरणे, रक्तदाब खालावून चक्कर येणे, श्वास जलद होणे, लघवी कमी होणे, असंबद्ध बोलणे किंवा पोट लाकडासारखे कडक होणे ही तातडीची लक्षणे आहेत. अशा वेळी जवळच्या दवाखान्यात रांगेत बसून राहण्यापेक्षा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून सीटी स्कॅन आणि शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठणे हिताचे.

पोटदुखी थांबली आणि ताप राहिला, तर ते दुखणे संपले असे समजू नये. तसा ताप अंगावर काढणाऱ्या माणसाला वेळेत दवाखान्यात पाठवणे, एवढे तरी प्रत्येक घराला जमण्यासारखे आहे.